'सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे' म्हणजे नेमकं काय? निवृत्तीनंतर तत्त्वज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतोच. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, विश्वातला प्रत्येक कण दुसऱ्या कणाशी जोडलेला आहे हे त्यांनी सिद्ध केलं, आणि आपल्या ऋषींना तर हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. मग कुणी निवृत्त प्राध्यापक शंका काढतात, दुसरे कुणी 'तुम्हाला आपलं काही चांगलं दिसतच नाही' म्हणून उसळतात, आणि तिसरे एक सुप्रभात टाकून विषय बुडवतात.

विषय बुडतो, पण ज्यांना खरंच काही समजून घ्यायचं असतं ते तसेच राहतात. नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांची लग्नं यातून मोकळं झाल्यावर पुष्कळांना तत्त्वज्ञान वाचावंसं वाटतं. आणि कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्याही प्रवचनाला जाऊन बसा, हे वाक्य पहिल्या तासातच भेटतं: सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे. मान डोलवायला फार सोपं वाक्य. अडचण अशी की त्यात तीन वेगवेगळी विधानं कोंबलेली आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ती सुटी केली तर त्यातलं एक उतारवयातल्या एका मोठ्या धास्तीला थेट जाऊन भिडतं. ती धास्ती म्हणजे 'कुणावर भार व्हायला नको'.

एका वाक्यातली तीन विधानं

पहिलं विधान एवढंच म्हणतं की गोष्टींचा एकमेकींवर परिणाम होतो. विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, म्हणजे एल निनो आला, की आपला मान्सून बरेचदा कमजोर पडतो. दरवेळी नाही, १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता आणि पाऊस तरीही ठीक झाला. पण संबंध आहे, आणि तो मराठवाड्यातल्या विहिरीपासून मंडईतल्या भावापर्यंत पोचतो. रोजच्या गोळ्यांची ती वारांच्या कप्प्यांची डबी घ्या. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतला पत्ता वाचला तर कारखाना हिमाचलातल्या बद्दीचा किंवा सिक्कीमचा निघतो, आणि भारतातल्या औषधांचा कच्चा माल बराचसा चीनहून येतो. सोमवारच्या कप्प्यातल्या एका पांढऱ्या गोळीमागे इतका प्रवास असतो. हे विधान कुणी नाकारत नाही. त्याला तत्त्वज्ञान लागत नाही, भूगोल पुरतो.

दुसरं विधान खोल जातं. ते म्हणतं, गोष्टी आधी स्वतंत्रपणे असतात आणि मग एकमेकींवर परिणाम करतात, असं नाहीच. त्यांचं असणंच दुसऱ्या कशावर तरी टेकलेलं असतं. बौद्ध परंपरेत याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात: हे असलं तर ते असतं, हे नसलं तर ते नसतं. एकट्याच्या बळावर उभी असलेली वस्तू जगात एकही नाही, आणि 'मी' सुद्धा त्याला अपवाद नाही.

तिसरं विधान सगळ्यांत धाडसी. जोडायला निदान दोन तरी लागतात. इथे दोन नाहीतच, एकच आहे. आठव्या शतकातल्या शंकराचार्यांचं अद्वैत हे सांगतं. दिसणारं वेगळेपण अज्ञानामुळे भासतं, खरं आहे ते ब्रह्म, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं एकच तत्त्व. ज्ञानेश्वरांनी याच एकत्वाला वेगळा सूर दिला: जग हा भ्रम म्हणून झटकून न टाकता तो चैतन्याचाच विलास मानला. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या स्पिनोझा या तत्त्वज्ञानेही ईश्वर आणि निसर्ग हे एकच तत्त्व आहे असं मांडलं. १६५६ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, त्याच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं होतं. पुढे तो भिंगं घासून पोट भरायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानांचं भांडण जुनं आहे. बौद्धांनी नित्य आत्मा नाकारला; शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात बौद्ध मतांचं खंडन केलं. म्हणून 'शेवटी सगळे एकच सांगतात' हे वाक्य ऐकलं की समजावं, बोलणाऱ्याने दोन्हीकडचं फारसं वाचलेलं नाही.

नोबेलवाल्यांनी नक्की काय सिद्ध केलं?

भौतिकशास्त्राचं २०२२ चं नोबेल आलाँ ॲस्पे, जॉन क्लॉझर आणि आंतोन झायलिंगर या तिघांना मिळालं. विषय होता क्वांटम एन्टँगलमेंट, म्हणजे कणांचं आपसातलं गुंतलेपण. असे दोन प्रकाशकण एकमेकांपासून लांब नेऊन मोजले तर त्यांच्या मोजमापांत विलक्षण मेळ सापडतो. कण निघतानाच उत्तरं ठरवून निघाले असतील, असं म्हणून तो मेळ समजावता येत नाही. हे कसं तपासायचं ते जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवलं होतं. या तिघांनी आपापल्या प्रयोगांतून ते प्रत्यक्षात आणलं.

यात थक्क होण्यासारखं खूप आहे. पण व्हॉट्सॲपवरची उडी यातून मारता येत नाही. पहिली गोष्ट, या गुंतलेपणाचा वापर करून निरोप पाठवता येत नाही. एका कणाला काही करून दुसऱ्याकडे खबर पोचवणं शक्य नाही. दुसरी गोष्ट, हे गुंतलेपण फार नाजूक असतं. आजूबाजूच्या हवेचा, उष्णतेचा स्पर्श झाला की ते वापरण्याजोगं उरत नाही. क्वांटम संगणक बनवणं इतकं अवघड आहे ते याचमुळे, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे हजारो कोटी रुपये याच प्रकारच्या अडचणींवर खर्च व्हायचे आहेत. नाशिकमधल्या आजोबांनी मनात चांगला विचार आणला म्हणून न्यू जर्सीतल्या नातवाला बरं वाटेल, असं या प्रयोगांतून निघत नाही. फोन केला तर वाटेल.

शिवाय ब्रह्म ही मोजता येणारी वस्तू नाही असं उपनिषदंच सांगतात. तिला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळवून देण्याची धडपड करणं हे मला तरी उपनिषदांवरचा अविश्वासच वाटतो.

वाटणीच्या दिवशी विचारलेला प्रश्न

उतारवय आणि तत्त्वज्ञान यांची गाठ बृहदारण्यक उपनिषदात एका अगदी ओळखीच्या प्रसंगी पडते. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघणार आहे. दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. जाण्याआधी दोघींची वाटणी करून टाकू, असं तो मैत्रेयीला म्हणतो.

आजच्या कुठल्याही कट्ट्यावर हा विषय निघाला की पहिला सल्ला येतो, 'हयातीत घर मुलाच्या नावावर करू नका.' सल्ल्यामागे अनुभव असतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात तर कलम २३ त्यासाठीच आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. बक्षीसपत्र करताना ती अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. तत्त्वज्ञान वाचतोय म्हणून हे विसरू नये.

मैत्रेयी मात्र वेगळंच विचारते. धनाने भरलेली ही सगळी पृथ्वी माझी झाली, तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य सरळ नाही म्हणतो. साधनं असलेल्या माणसांचं आयुष्य जसं जातं तसं तुझं जाईल, इतकंच. मग जे घेऊन मी अमर होणार नाही ते घेऊन करू काय, असं ती म्हणते, आणि संवाद मालमत्तेवरून आत्म्याकडे वळतो.

हा संवाद लोकांना माहीत असतो. त्याच्या लगेच पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. त्याला मधुब्राह्मण म्हणतात. ही पृथ्वी सर्व भूतांचा मध आहे आणि सर्व भूतं या पृथ्वीचा मध आहेत, असं तिथे म्हटलंय. मग पाणी, अग्नी, वारा, सूर्य, दिशा, चंद्र, वीज, मेघगर्जना, आकाश, धर्म, सत्य, माणूसपण असं एकेक घेऊन तेच म्हटलंय, आणि शेवटी आत्मा. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी: हे त्याचं पोषण, ते याचं पोषण. वाक्यरचना इतकी तीच ती येते की वाचताना पहिल्यांदा कंटाळा येतो. मोठ्याने वाचलं तर चौथ्या-पाचव्या वेळेपासून ती लय अंगात भिनते. सुरुवात परस्परांच्या देवाणघेवाणीने होते आणि शेवट 'हे सगळं एकच' यावर होतो. म्हणजे वर आपण जी दुसऱ्या-तिसऱ्या विधानाची फोड केली ती या मजकुरात इतकी स्वच्छ नाही. त्यात एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट आहे.

सारिपुत्ताच्या पेंढ्या

आता दुसरं विधान, कारण माझ्या मते निवृत्तीनंतर सगळ्यांत कामाचं तेच आहे.

संयुत्तनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात एक छोटं सुत्त, म्हणजे उपदेशाचा संवाद आहे. काशीजवळच्या इसिपतनात संध्याकाळी ध्यानातून उठून महाकोट्ठित नावाचा भिक्खू बुद्धाचा पट्टशिष्य सारिपुत्त याच्याकडे जातो आणि विचारतो: म्हातारपण आणि मरण हे माणसाचं स्वतःचंच केलेलं असतं, की दुसऱ्याने केलेलं, की दोघांनी मिळून, की असंच आपोआप आलेलं? गुडघा धरला की आपणही हेच विचारतो. मी खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून, की आईकडून आलं, की नशीब?

सारिपुत्त चारही पर्याय बाजूला सारतो. जन्म आहे म्हणून जरामरण आहे, एवढंच तो म्हणतो, आणि असा एकेक दुवा मागे नेत जाणीव आणि देह-मनाचा हा संच या जोडीपाशी थांबतो. जाणिवेवाचून देह-मन नाही, देह-मनावाचून जाणीव नाही. कोट्ठित गोंधळतो. कोण कुणावर टेकलंय मग? तेव्हा सारिपुत्त बोरूच्या दोन पेंढ्यांचा दाखला देतो. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. एक काढली की दुसरी पडते.

ज्वारीची काढणी पाहिलेल्या कुणालाही हा दाखला सांगावा लागत नाही. ताटांच्या पेंढ्या शेतात एकमेकींच्या आधाराने उभ्या करतात. त्यातली कुठली पेंढी आधार देणारी आणि कुठली घेणारी, हा प्रश्नच चुकीचा असतो. खाली खांब नसतो, मध्ये मेढ नसते. टेकण्यावरच सगळं उभं असतं, आणि वाऱ्यात बऱ्यापैकी टिकतं.

सुमारे दुसऱ्या शतकात नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने हाच विचार टोकाला नेला. जे दुसऱ्यावर अवलंबून उपजतं त्याला स्वतःचा असा गाभा नसतो. या गाभा नसण्यालाच त्याने शून्यता म्हटलं. शून्यता म्हणजे काहीच नाही, असं समजून पुष्कळ वाचक तिथूनच परत फिरतात. पेंढ्या आहेतच. फक्त एकटी उभी असलेली पेंढी कुठेही नाही.

मग 'कुणाला त्रास नको' याचं काय?

आपल्याकडचं वडीलधारं माणूस देवाकडे काय मागतं? हातपाय चालताहेत तोवर ने, अंथरुणाला खिळवू नको, कुणाला करायला लावू नको. यामागे एक हिशेब धरलेला असतो: आजवर मी स्वतःच्या पायावर उभा होतो, आता दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागणार.

प्रतीत्यसमुत्पाद या हिशेबातली पहिली ओळच तपासायला सांगतो. ज्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली त्यांचा डबा पहाटे उठून कुणीतरी भरत होतं. लोकल कुणीतरी चालवत होतं. ऑफिसातला संडास कुणीतरी धूत होतं, आणि त्याचं नाव बहुधा विचारलंही गेलं नव्हतं. अवलंबून तेव्हाही होतो, पूर्णपणे. पगारामुळे आणि घरातल्या रीतीमुळे ते डोळ्यांआड राहत होतं. आता कुणीतरी हात धरून जिना उतरवतं तेव्हा तेच डोळ्यांसमोर येतं.

यावर रास्त आक्षेप असा: हे सांत्वन स्वस्त आहे. डबा दुसऱ्याने भरणं आणि आंघोळ दुसऱ्याने घालणं यात फरक नाही का? फरक आहे, आणि मोठा आहे. लाज, वेदना, खाजगीपणा गमावणं, या गोष्टी कुठल्याही सुत्ताने जात नाहीत. त्यासाठी दारावर टकटक करून आत येणारा मदतनीस आणि न्हाणीघरात पकडायला दांडी लागते. तत्त्वज्ञान वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडतं. 'मी आता माणसात जमा नाही' हे जे वाटू लागतं ते या गृहीतावर उभं असतं की माणूस म्हणजे ज्याला कुणाची गरज नाही तो. असा माणूस कधीच नव्हता. मदत मागताना त्या गृहीताचं ओझं डोक्यावर नसेल तर माणूस वेळेवर मागतो, पडून खुबा मोडल्यावर नव्हे.

हे सगळं म्हातारपणीच का सुचतं?

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ लार्स टोर्नस्टाम यांनी १९८९ मध्ये यावर एक कल्पना मांडली. वय वाढतं तसं काही माणसांचं जगाकडे पाहणं बदलतं: काळाच्या सीमा पुसट होतात, गेलेली माणसं आणि पुढच्या पिढ्या जवळच्या वाटू लागतात, मरणाची भीती ओसरते, वरवरच्या ओळखीपाळखींचा कंटाळा येतो आणि एकटं बसणं आवडू लागतं. याला त्यांनी नाव दिलं जेरोट्रान्सेन्डन्स, म्हणजे वार्धक्यातलं आपल्यापलीकडे जाणं. आयुष्याचे आठ टप्पे सांगणाऱ्या एरिक एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी पुढे त्यात नववा टप्पा जोडला, तेव्हा त्यांनीही या कल्पनेची दखल घेतली.

टीकाही झाली. हे सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही आणि मोजायला अवघड आहे. शिवाय यात एक धोका आहे: घरातलं म्हातारं माणूस गप्प गप्प राहू लागलं की 'वैराग्य आलंय त्यांना' म्हणून सोडून द्यायचं. कधी ते वैराग्य असतं. कधी ऐकू येईनासं झालेलं असतं, कधी नैराश्य असतं, आणि त्यासाठी ज्ञानेश्वरीआधी डॉक्टर लागतो.

आता या वयात डोक्यात शिरेल का?

शिरतं. वयानुसार मेंदूचा वेग कमी होतो, नावं आठवायला वेळ लागतो. पण शब्दसंपत्ती आणि साठलेलं ज्ञान पुष्कळ उशिरापर्यंत टिकून राहतं, आणि तत्त्वज्ञानाला घाई नसतेच. संस्कृत-पाली यायला हवी असंही नाही. गोव्यातल्या साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी बुद्धाचं पुष्कळसं मराठीत आणून ठेवलंय. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश १९७४ पासून ग्रंथालयांत धूळ खात आहे, आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. एका बैठकीत एखादं पान पुरे. गट असेल तर त्यात न पटणारा निदान एक जण असावा. सगळेच मान डोलवत असतील तर त्याचं भजन होतं. भजन वाईट नाही, पण ते वेगळं.

'सगळं एक' म्हणणाऱ्यांनी वेशीबाहेर काय केलं?

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. 'हे विश्वचि माझें घर' दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं आणि कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा, हे दृश्य अजून संपलेलं नाही. डॉ. आंबेडकरांनी हे नेमकं पकडलं. त्यांच्या पश्चात १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या लिखाणात त्यांनी म्हटलंय की सर्वांत ब्रह्म आहे हा विचार खरं तर लोकशाहीचा भक्कम पाया होऊ शकला असता. तो सामाजिक धर्म झाला नाही, नुसतं तत्त्वज्ञान राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यामागच्या कारणांत जातिभेद हे एक मोठं कारण होतं.

एकत्वाच्या विधानात पळवाट राहते: भेद मुळात खरेच नाहीत असं म्हटलं की ते मिटवायची निकड उरत नाही. परस्परावलंबनात ती पळवाट लहान होते, कारण तिथे पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. मी कुणाकुणावर टेकलोय, आणि त्यांना त्याबदल्यात काय मिळतंय?

कात्यायनी कुठे आहे?

तोच प्रश्न याज्ञवल्क्याच्या घरी नेऊन पाहा. हा संवाद उपनिषदात दोनदा येतो. दुसऱ्या वेळी सांगितलंय की मैत्रेयी ब्रह्मवादिनी, म्हणजे ब्रह्माची चर्चा करणारी होती आणि कात्यायनीला बायकांना असते तेवढीच समज होती. कात्यायनीच्या तोंडी एकही वाक्य नाही. पृथ्वी आणि भूतं एकमेकांचा मध आहेत हे ऐकणाऱ्यांसाठी त्या दिवशीचा स्वयंपाक कुणी केला, याची नोंद नाही. संवाद संपतो आणि याज्ञवल्क्य निघून जातो.

म्हाताऱ्या माणसाचं करणं हे आजही बहुतेक घरांत सून, लेक, बायको यांच्यावरच पडतं; पैसे देऊन ठेवलेली मदतनीसही बहुधा बाईच असते. सासऱ्यांनी परस्परावलंबनावर बोलावं आणि सुनेने ते ऐकत त्यांचे पाय चेपावेत, ही या विचाराची सगळ्यांत वाईट परिणती. पेंढ्यांचा दाखला दोन्हीकडून लागू करायचा तर करणाऱ्या माणसाला सुट्टी, मोबदला, मुलांमध्ये कामाची वाटणी या गोष्टी चर्चेत याव्या लागतात. बोलायला अवघड आहेत. मालमत्तेची वाटणीही बोलायला अवघडच होती, ती याज्ञवल्क्याने स्वतः काढली होती.

वाचन गट सुरू करणाऱ्यांना म्हणून एक सुचवतो. बहुतेक ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठका संध्याकाळी पाच-सहाला असतात. ती वेळ नातवंडं शाळेतून येण्याची आणि कणीक मळण्याची, त्यामुळे खुर्च्यांवर पुरुषच दिसतात आणि मग 'बायकांना यात रस नसतो' असं म्हटलं जातं. दुपारी तीनची वेळ ठेवून पाहा. किंवा पाचचीच ठेवा आणि त्या दिवशीची कणीक घरातल्या आजोबांनी मळावी.